वायफाय कॉलिंग : टॉवर कुणाचा, वीज कुणाची?

आजचा विषय तसा घरगुती आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाचं एक बटण असतं. बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. काहींच्या फोनमध्ये ते आपोआप चालू झालेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. वर कोपऱ्यात कंपनीच्या नावाजवळ वायफायची बारीकशी खूण येते, तेवढंच. आज मला या बटणाची समीक्षा करायची आहे. आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, अगदी हॉटेलच्या मिसळीचीही करतो. मग जी सेवा आपण रोज कानाला लावतो तिची का नको?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाट बघायला नको. तंत्र म्हणून ही गोष्ट उत्तम आहे. मी स्वतः वापरतो, तुम्हीही वापरा. माझी तक्रार तंत्राबद्दल नाही, ते आपल्या हातात ज्या रीतीने दिलं गेलं त्या रीतीबद्दल आहे. घराच्या आत रेंज पोचवणं हे ज्यांचं काम होतं, त्यांच्याकडून ते काम गाजावाजा न होता आपल्याकडे सरकलं. इंटरनेट आपलं, राउटर आपला, वीज आपली. आणि बोलता बोलता फोन तुटला तर चूकही आपलीच!

आता हे नेमकं चालतं कसं, ते थोडं समजून घेऊ. कारण अनेकांना वाटतं, वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲपवरून बोलणं. नाही. व्हॉट्सॲपमध्ये समोरच्याकडेही व्हॉट्सॲप लागतं. इथे तुम्ही नेहमीचा नंबर नेहमीसारखा फिरवता, समोरच्याकडे साधा कळीचा फोन असला तरी चालतो. फरक फक्त पहिल्या टप्प्यात आहे. एरवी तुमचा आवाज फोनमधून हवेतून टॉवरकडे जातो. वायफाय कॉलिंगमध्ये तो तुमच्या राउटरकडे जातो, तिथून तुमच्या ब्रॉडबँडच्या तारेतून, एका कुलूपबंद नळीतून म्हणा, थेट तुमच्या मोबाईल कंपनीच्या दारापर्यंत पोचतो. त्या दाराला तंत्राच्या भाषेत ईपीडीजी म्हणतात. दारावर ओळख पटवायला तुमचं सिमकार्डच वापरलं जातं. आत शिरल्यावर पुढचा सगळा प्रवास फोरजीवरच्या कॉलसारखाच. म्हणजे या दारापर्यंतचा रस्ता तुम्ही बांधलेला आणि दारापासून पुढचा कंपनीचा.

खात्री करायची असेल तर घरी गेल्यावर एक प्रयोग करा. फोन फ्लाइट मोडवर टाका. सगळी रेंज गेली. मग फक्त वायफाय चालू करा आणि कुणालातरी साधा फोन लावा. बटण चालू असेल तर फोन लागेल. आणि त्या क्षणी लक्षात येईल, की या संभाषणात कंपनीच्या टॉवरचा तुमच्या बाजूने काडीचाही संबंध नाही.

आवाजाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा चांगलाच येतो. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जात असे, म्हणून 'स' आणि 'फ' यांत गोंधळ व्हायचा. आताच्या रुंद पट्ट्याच्या पद्धतीत तो ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. आणि त्यासाठी इंटरनेट फार लागत नाही. एका बाजूचा आवाज, वरची सगळी पाकिटं-वेष्टणं धरूनही, सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास बसतो. आजच्या कुठल्याही घरगुती जोडणीला हे किरकोळ आहे. तेव्हा कौतुक करायचं ते करून झालं.

मग ही सेवा आली का? ग्राहकावरच्या प्रेमापोटी? भारतात डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने दिल्ली परिसरात ती सुरू केली, तीही आधी स्वतःच्याच ब्रॉडबँडवर. जानेवारी २०२० मध्ये जिओने देशभर, कुठल्याही वायफायवर चालेल अशी जाहीर केली. मग इतरांनाही यावंच लागलं. त्यामागे भिंतीची अडचण होती. लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकी ती लहर भिंतीला लवकर दमते. जुना टूजी ९०० मेगाहर्ट्झवर होता, तो खोलीच्या कोपऱ्यापर्यंत शिरायचा. फोरजीचा बराच भार १,८०० आणि २,३०० मेगाहर्ट्झवर आला, फाइव्हजी तर ३,३०० च्याही वर गेला. त्याच वेळी आपली घरं बदलली. काँक्रीटच्या भिंती, काचेवर धातूचा पातळ थर, एकाला एक चिकटून उभे मजले, तळघरात पार्किंग. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या नव्या सोसायट्यांत बघा, माणसं बोलायला बाल्कनीत येऊन उभी असतात. बाल्कनी हा आता टेलिफोन बूथच झालाय. (हशा)

यावरचे सरळ उपाय दोन. एक, टॉवर जवळजवळ लावा. दोन, इमारतीच्या आत छोटी यंत्रणा बसवा. दोन्हीला पैसा लागतो आणि दोन्हीला परवानग्या लागतात. तिसरा उपाय असा, की ग्राहकाने घरात आधीच लावून ठेवलेला राउटर वापरायचा. कंपनीच्या दृष्टीने यात वाईट असं काहीच नाही. मात्र त्याला 'तुमच्यासाठी मोफत सुविधा' म्हणणं, हे मला खटकतं. मोफत कुणाला? कॉलचे जास्तीचे पैसे लागत नाहीत हे खरं. पण त्या कॉलसाठी तुमचं ब्रॉडबँडचं बिल आहे, राउटरची किंमत आहे, विजेचं बिल आहे. आणि शिवाय मोबाईलचा रिचार्ज आहेच. तो संपला तर वायफायवरूनही फोन लागत नाही. एकच वस्तू दोनदा विकत घेतल्यासारखं झालं.

ही शंका फक्त आपल्याकडचीच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने २००९ मध्ये घरात लावायचा एक छोटा टॉवर विकायला काढला होता, तुमच्याच ब्रॉडबँडला जोडायचा. तेव्हा तिथल्या ग्राहकांनी हाच प्रश्न विचारला होता, की रेंज देणं तुमचं काम, मग तुमचा टॉवर मी का विकत घ्यायचा? आणि अमेरिकेत टी-मोबाईलने २००७ मध्ये घरच्या वायफायवरून बोलायची सेवा आणली, तेव्हा तिचं दरमहा वेगळं शुल्क होतं, पण त्या बदल्यात वायफायवर बोललेली मिनिटं तुमच्या कोट्यातून कापली जात नव्हती. म्हणजे काय, तर निदान हिशोब मांडलेला होता. आपल्याकडेही बीएसएनएलने जुलै २०१८ मध्ये 'विंग्स' नावाची सेवा काढली, वर्षाला १,०९९ रुपये, इंटरनेटवरून कुठल्याही फोनवर बोला. ती किती चालली हा भाग वेगळा, पण किंमत कपाळावर लिहिलेली होती. आजच्या वायफाय कॉलिंगमध्ये किंमत आहे, फक्त तिची पाटी नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण या कथेत एक गंमत आहे. डिसेंबर २०१४ आठवतो का? एअरटेलने जाहीर केलं होतं की इंटरनेटवरून बोलायचं असेल तर वेगळं पॅक घ्यावं लागेल. केवढा आरडाओरडा झाला! काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. मग मार्च २०१५ मध्ये ट्रायने चर्चेसाठी कागद काढला आणि लाखो लोकांनी ई-मेल पाठवून नेट न्यूट्रॅलिटीचा आग्रह धरला. त्या सगळ्या वादात मोबाईल कंपन्यांचं म्हणणं काय होतं? की आम्ही कोट्यवधी खर्चून जाळं उभं केलं, स्पेक्ट्रम विकत घेतला, आणि ही ॲपवाली मंडळी आमच्या जाळ्यावर फुकट बसून पैसे कमावतात. हा मुद्दा पूर्ण खोटा नव्हता. जाळ्याला पैसा लागतोच.

पण मग तोच मुद्दा आज उलटा लावून बघा. घरातलं जाळं ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने उभं केलं. त्या जाळ्यावर आता मोबाईल कंपनीचा कॉल बसतो. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांच्या घरात स्पेक्ट्रम घेतला, पण तुमच्या हॉलमधल्या त्या शेवटच्या पंधरा फुटांत कंपनी वापरते तो वायफायचा पट्टा, जो परवान्याविना सगळ्यांना खुला आहे. तर आता फुकट कोण बसलंय? मी हे चिडून विचारत नाही. दुसऱ्याचं जाळं वापरलं तर भाडं द्यावं, हे तत्त्व तुमचंच. ते तुम्हाला अजून मान्य आहे का, एवढंच विचारतो.

यावर एक जण मला म्हणाले, अहो, कॉल तर आता अमर्याद आहेत, कसलं भाडं आणि कसली सूट? बरोबर आहे, मिनिटाला पैसे मोजायचे दिवस गेले. पण ज्या आजी-आजोबांच्या घरी मुलाने ब्रॉडबँड लावून दिलंय आणि जे मोबाईल डेटा वापरतच नाहीत, त्यांनाही वर्षानुवर्षं डेटासकटच रिचार्ज मारावा लागत होता. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की फक्त बोलणं आणि एसएमएस यांचं वेगळं पॅक ठेवलंच पाहिजे. ते करायला नियामकाला यावं लागलं, हे लक्षात ठेवा.

पैशांपेक्षा मला जास्त बोचतो तो जबाबदारीचा प्रश्न. कॉल ड्रॉपचा इतिहास बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने नियम केला होता, कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रत्येक तुटलेला कॉल आमच्यामुळेच तुटतो असं नाही, ग्राहकाच्या बाजूनेही कारणं असतात, हा त्यांच्या युक्तिवादातला एक धागा होता. मे २०१६ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. ठीक. पण आता वायफाय कॉलचा विचार करा. कॉल तुटला. कुणामुळे? मोबाईल कंपनी म्हणणार तुमचं वायफाय बघा. ब्रॉडबँडवाला म्हणणार आमचा स्पीड पूर्ण येतोय, टेस्ट करून दाखवतो. राउटर बनवणारा तर फोनच उचलत नाही! कॉल तुटण्याची जी दोन टक्क्यांची मर्यादा आपण ऐकतो, ती मोजणी टॉवरच्या जाळ्याची. तुमच्या राउटरला त्या हिशोबात 'सेल' म्हणून जागा नाही. म्हणजे जितके कॉल घरातल्या वायफायवर जातील, तितके अवघड कॉल टॉवरच्या हिशोबातून कमी होतील. घराच्या आतल्या खोलीतला कॉल हा सगळ्यात तुटण्याजोगा, आणि तोच परीक्षेच्या पेपरातून गायब.

वायफायवर कॉल का तुटतो, हेही सांगायला हवं. आवाज दर वीस मिलिसेकंदांनी एक पुडकं असा निघतो, सेकंदाला पन्नास पुडकी. ती वेळेवर पोचायला हवीत. एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला जाणवत नाही, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. आता त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या फोनने लग्नाचे फोटो वर चढवायला सुरुवात केली, की राउटरच्या दारात रांग लागते आणि तुमच्या आवाजाची छोटी पुडकी त्या रांगेत अडकतात. स्पीड भरपूर असूनही आवाज तुटक येतो तो यामुळे. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी वाटा तीनच, आणि मजल्यावर राउटर असतात आठ.

आणि जिना. हा माझा आवडता विषय आहे. बोलत बोलत तुम्ही दार लावता आणि खाली उतरता. वायफाय क्षीण होत जातं, पण फोन त्याला धरून बसतो, जुन्या भाडेकरूसारखा. टॉवरकडे वेळेवर उडी मारली तर कॉल टिकतो, कारण दोन्हीकडे आतली यंत्रणा एकच आहे. पण पलीकडे फोरजी नीट मिळायला हवं. लिफ्टचं दार बंद झालं की वायफायही नाही आणि टॉवरही नाही. 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' हे वाक्य आपल्या पिढीने जितक्यांदा उच्चारलं असेल तितकं दुसरं कुठलं नाही.

यातलं बरंचसं हसून सोडून देता येईल. लाइट जाते तेव्हा मात्र नाही.

जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन आठवा. घरातली लाइट गेली तरी तो चालायचा. कारण त्याची वीज घरातली नव्हतीच. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट त्याच तारेतून यायचे, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगाच्या रांगा असायच्या. वादळात, पुरात अंधारातला तो काळा फोन जिवंत असायचा. त्याला वीज पुरवणं ही टेलिफोन खात्याची जबाबदारी होती, कुणी तशी जाहिरात केली नव्हती तरी. मोबाईल टॉवरलाही बॅटरी असते, डिझेल जनरेटर असतो. आता वायफाय कॉलिंग घ्या. लाइट गेली, राउटर बंद. फायबरची पेटी बंद. मजल्यावरच्या केबलवाल्याचा स्विच बंद. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, पण जिन्याखालच्या त्या स्विचला आहे का? त्या क्षणी फोन पुन्हा टॉवर शोधायला लागतो, आणि टॉवर तर आतल्या खोलीत पोचतच नव्हता, म्हणूनच तुम्ही वायफायवर होतात! घरात ऑक्सिजनवरचा पेशंट असेल तर लाइट गेल्यावरच फोनची गरज लागते. नेमकी तेव्हाच ही सेवा पाय काढून घेते.

११२ ला फोन लावायची वेळ आली तर फोन शक्यतो आधी मिळेल तो टॉवर शोधतो, हे योग्यच आहे. पण टॉवर नसेल आणि कॉल वायफायवरूनच गेला, तर 'हा माणूस कुठे आहे' याचा टॉवरवरून मिळणारा अंदाज नाहीसा होतो. अमेरिकेत वायफाय कॉलिंग चालू करताना फोन तुमचा घरचा पत्ता विचारतो, तो याचसाठी. आपल्याकडे ही सेवा चालू करताना जे दोन ओळींचं कौतुक पडद्यावर येतं, त्यात 'लाइट गेली तर ही सेवा जाईल' एवढं एक वाक्य टाकायला काय हरकत आहे? औषधाच्या बाटलीवरही सूचना असते.

आता आपल्याही पदरात थोडं माप टाकतो. टॉवर जवळ हवा, पण आमच्या गच्चीवर नको, ही आपली भूमिका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टॉवरचा विषय निघाला की वादळ होतं. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली, तरी भीती गेली नाही. आणि टॉवर लांब असला की आपल्या कानाशी असलेला फोन उलट जास्त जोर लावतो, हे सभेत कुणी ऐकत नाही. बिल्डरही स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड दाखवतो, आत रेंज किती हे कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढलेत. फ्लॅट बघायला जाल तेव्हा त्याबद्दल विचारा. चारचौघांनी विचारलं की ब्रोशरमध्ये आपोआप येईल.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त हळहळ लावते. वायफाय कॉलिंगचा खरा उपयोग शहरातल्या बेडरूममध्ये नाहीच. तो सह्याद्रीच्या घळीतल्या गावात आहे. डोंगराआड टॉवर दिसत नाही, आणि चारशे माणसांसाठी नवा टॉवर लावणं कंपनीला परवडत नाही. पण भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे. जिथे ती पोचली आणि चालू आहे, तिथे पंचायतीच्या ओट्यावर एक वायफाय लावलं, तर साध्या नंबरवरून साधा फोन लागू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तर किराणा दुकानदारालाही सार्वजनिक वायफाय चालवता येतं. सुटे भाग सगळे हजर आहेत. पण तिथे काही अडचणी आहेत. स्वस्त गटातल्या प्रत्येक फोनमध्ये वायफाय कॉलिंग असेलच असं नाही, सार्वजनिक वायफायवर लॉगिनचं पान आडवं येतं, आणि कुणी फायरवॉलमध्ये ती कुलूपबंद नळीच अडवून ठेवतं. या अडचणी सोडवण्यासारख्या आहेत. सोडवायला बसलेलं मात्र मला फारसं कुणी दिसत नाही, कारण त्या गावातल्या माणसाचा रिचार्ज लहान आहे. जिथे रेंज थोडी कमी आहे तिथे ही सेवा पोचली, आणि जिथे रेंज नाहीच तिथे नाही.

वेळ होत आलाय. चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेतो.

पहिली : 'बँकेचे ओटीपी वायफायवर येतात का?' येऊ शकतात. एसएमएससुद्धा त्याच नळीतून येण्याची सोय तंत्रात आहे. पण तुमचा फोन आणि तुमची कंपनी दोघांनी ती चालू केलेली असायला हवी. मघाचा फ्लाइट मोडचा प्रयोग एसएमएससाठीही करून बघा, दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक पाठवा. बँकेच्या कामात अडकायच्या आधी केलेला बरा.

दुसरी : 'मग बटण चालू ठेवायचं की बंद?' चालू ठेवा हो! आतल्या खोलीत रेंज क्षीण असेल तर बॅटरीही कमी जाते, टॉवर शोधत बसावं लागत नाही. फक्त राउटर आणि फायबरची पेटी दोन्हींना छोटा यूपीएस लावा, दोन्ही बहुतेक बारा व्होल्टवर चालतात, पण घेण्याआधी ॲडाप्टरवर छापलेलं वाचून घ्या. आणि केबलवाल्याला विचारा, जिन्याखालच्या स्विचला बॅकअप आहे का. तो 'आहे' म्हणाला तरी एकदा लाइट गेल्यावर स्वतः फोन लावून बघा.